पत्र्याखाली वीतभर लोकर

खोली दाखवताना घरमालक पाण्याची वेळ सांगतात, लाइटचं बिल वेगळं पडेल म्हणतात, मित्र जमवायचे नाहीत म्हणतात. आमचे आबा खोलीचं कुलूप काढायचे, आत जाऊन मधोमध उभे राहायचे, वर बोट करायचे आणि सांगायचे, "हितं माझ्या सातशे कोंबड्या मेल्या. एका दुपारी. मे महिना हुता. पत्रा ह्योच."

मग भाडं सांगायचे.

मी शिक्रापूरला एका कारखान्यात स्टोअर क्लार्क म्हणून लागलो, तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावात खोली मिळणं अवघड होतं, कारण रोज नवीन माणूस येत होता आणि खोल्या मात्र जनावरांच्या गोठ्यातून, गोदामातून आणि दुकानांच्या पाठीमागून हळूहळू तयार होत होत्या. आबांच्या सहा खोल्या पोल्ट्रीच्या शेडमधून तयार झाल्या होत्या. लांबच लांब एक शेड, त्यात विटांच्या पाच भिंती घालून सहा भाग केलेले, वर सलग पत्रा. मला तिसरी खोली मिळाली.

राहायला गेल्यावर महिन्याभरानं मी त्यांना विचारलं, "आबा, जिथं कोंबड्या टिकल्या नाहीत, तिथं माणसं कशी काय ठेवता?"

त्यांना प्रश्न रास्त वाटला. थोडा विचार करून ते म्हणाले, "कोंबडीला दार उघडून भायेर जाता येत न्हाई. तुमाला येतं."

पण या उत्तरानं त्यांचं स्वतःचं समाधान झालेलं नसावं. कारण त्याच उन्हाळ्यात त्यांनी आमच्या खोल्यांचं तापमान मोजायला सुरुवात केली होती.

त्यांच्याकडे लाकडी पट्टीवरचा एक थर्मामीटर होता. शिरूरला कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानातून आणलेला. त्याच्यावर पस्तीसच्या जवळ एक तांबडी रेघ होती आणि शेजारी पिलाचं चित्र. पहिल्या आठवड्यात पिलांना एवढी ऊब लागते, असा त्याचा अर्थ. हा थर्मामीटर आबा बंडीच्या आतल्या खिशात ठेवायचे. दुपारी बरोबर तीनला दार वाजायचं. "तीन नंबर, आत येऊ का?" भाडेकरूंना ते खोलीच्या नंबरानं हाक मारत. बाजारातसुद्धा. मी एकदा भाजी घेत होतो, तर रस्त्याच्या पलीकडून "ओ तीन नंबर, भेंडी निबर हाय ती" असं ओरडले. भाजीवालीनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नुकताच सुटून आलो होतो.

आत आले की ते पंखा बंद करायचे, दार लावायचे आणि भिंतीपासून हातभर अंतरावर थर्मामीटर धरून पाच मिनिटं उभे राहायचे. त्या पाच मिनिटांत कोणी बोलायचं नाही. बोललं की हवा तापते, असं त्यांचं म्हणणं होतं. रात्रपाळी करून दिवसा झोपणारे लोक या वेळेला वैतागून उठून बसलेलेच असत, त्यामुळे झोपमोड झाली अशी तक्रार कोणी केली नाही. पहिल्या वर्षी एप्रिलच्या मध्यावर माझ्या खोलीत बेचाळीस होतं. बाहेर एकोणचाळीस. म्हणजे मी भाडं देऊन बाहेरच्यापेक्षा तीन डिग्री जास्त घेत होतो.

मी क्लार्क असल्यामुळे आकडे लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. "तुमचं अक्षर बरं हाय" एवढ्यावर नेमणूक झाली. बाहेरचा आकडा, आतला आकडा, आभाळ कसं आहे, वारा आहे की नाही, असे चार रकाने. मी कामावर असेन त्या दिवशी आबा आकडे लक्षात ठेवत आणि संध्याकाळी मला सांगत. त्यातली एक वही अजून माझ्याकडे आहे. या लेखातले आकडे मी तिच्यातूनच घेतले आहेत. जे वहीत नाही ते मी अंदाजानं सांगितलेलं नाही.

पत्र्याबद्दल आबांचं मत पक्कं होतं. "पत्रा म्हंजी तवा. भाकर तव्याच्या वर आसती, आपुन खाली. येवढाच फरक."

थंडीत तोच पत्रा दुसऱ्या बाजूनं त्रास द्यायचा. डिसेंबरात पहाटे स्वयंपाकाची वाफ आणि माणसांचा श्वास वर जाऊन त्याला लागला की पत्र्याला आतून घाम यायचा, आणि तो खाली गळायचा. मी एकदा मोजलं होतं, मिनिटाला सात थेंब, उशीच्या डाव्या बाजूला. पावसाळ्यात भिंतीला ओल यायची ती वेगळी. आबा भिंतीला तळवा लावून बघायचे, मग तळव्याचा वास घ्यायचे. "ऊन आपल्याला कळतं, थंडी आपल्याला कळती. ओल आपल्याला कळत न्हाई. ती फॅक्टरीत शेजारी बसणाऱ्याला कळती." हे खरं होतं. माझ्या शेजारी बसणाऱ्यानं मला तसं सांगितलं होतं.

वही सुरू झाल्यावर उपायही सुरू झाले. पहिला उपाय उसाच्या पाचटाचा. पत्र्यावर पाचटाचा जाड थर अंथरला, वरून दगड ठेवले. आतलं तापमान चार डिग्रीनं उतरलं. आठ दिवसांनी वावटळ आली आणि अर्धं पाचट उडून नगर रस्त्यावर गेलं. एक ट्रकवाला काचेवरचं पाचट हातात घेऊन आबांचं घर शोधत आला. उरलेलं पाचट पावसात कुजलं आणि त्यावर छत्र्या उगवल्या. आबांनी वहीत लिहायला सांगितलं, "पाचट. चालतं, पण थांबत न्हाई."

दुसरा उपाय थर्माकोलचा होता आणि त्यात माझाही हात होता. आमच्या कारखान्यात सुटे भाग थर्माकोलच्या चौकटीत येत आणि तो थर्माकोल भंगारात जाई. रीतसर परवानगी काढून मी तो आणला. आबांनी तुकडे जोडून चार नंबरच्या खोलीत पत्र्याखाली बसवले. चार नंबरला उत्तर प्रदेशातला एक वेल्डर राहायचा, शांत आणि सोसणारा. तीन डिग्री कमी झालं. पण वारा सुटला की थर्माकोल पत्र्याला घासून दात खाल्ल्यासारखा आवाज करायचा. मग त्यात उंदीर शिरले. उंदरांनी कुरतडलेले पांढरे दाणे वरून भुरभुरायला लागले. एके दिवशी चार नंबर ताटली हातात घेऊन आबांच्या दारात आला. "आबा, दाल में बरफ गिर रहा है."

आबांनी ताटलीत बोट घालून पाहिलं. "डिग्री किती उतरली ते सांग."

"तीन. लेकिन दाल कौन खाएगा?"

थर्माकोल काढला. पण चुन्याची सफेदी मात्र राहिली. पत्र्याला वरून चुन्याचे तीन हात दिले होते, चुन्यात सरस मिसळून, आणि त्यानं दीड-दोन डिग्री कायमची उतरली. आबा या दोन डिग्रींचा उल्लेख "आपल्या दोन" असा करायचे, शेतातल्या गुंठ्यांबद्दल बोलावं तसा.

लोकरीपर्यंत ते कसे आले, हे सांगायला थोडं मागे जायला हवं. आबांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. विशीपर्यंत ते स्वतः मेंढरांमागं कोकणाच्या तोंडापर्यंत चालत जाऊन आले होते. पुढे जमीन कसायला लागले, रस्ता मोठा झाला, पोल्ट्री आली, पोल्ट्री गेली, आम्ही आलो. पण त्यांच्या चुलत भावाचा मेंढरांचा वाडगा अजून होता. वर्षातून दोनदा मेंढरं कातरली जायची आणि ती राठ काळी लोकर पोत्यांत भरून पडून राहायची. घोंगड्या विकत घेणारी माणसं कमी झाली होती. घरोघरी गुळगुळीत चादरी आल्या होत्या. भाऊ म्हणायचा, कातरायची मजुरीसुद्धा निघत नाही, ने तुला पाहिजे तेवढी.

आबांनी मला लोकरीचं पोतं दाखवलं तेव्हा मी म्हणालो, "आबा, लोकर तर गरम असते. उन्हाळ्यात लोकर?"

ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत राहिले की मला माझ्या शिक्षणाची शंका आली. "तीन नंबर, मेंढरू मे महिन्यात दुपारी कुठं आसतं?"

"रानात."

"अंगावर काय आसतं?"

"लोकर."

"मरतं का?"

"नाही."

"मंग. लोकर गरमबी न्हाई आन् गारबी न्हाई. लोकर म्हंजी दार हाय. आतलं आत, भायेरचं भायेर."

एवढं सगळं झालं तरी लोकर पोत्यातच राहिली असती. ती पत्र्याखाली गेली ती माझ्या मुलीमुळे.

माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं होतं. बायको दौंडची. तिचे वडील, त्यांना मी मामा म्हणतो, रेल्वेत मालगाडीवर गार्ड होते आणि रेल्वेच्या जुन्या दगडी क्वार्टरमध्ये राहत. पहिलं बाळंतपण माहेरी झालं. जानेवारीत मुलगी झाली. मार्चमध्ये मी दोघींना आणायचं विचारलं, तेव्हा मामांनी शांतपणे विचारलं, "जावईबापू, खोलीला पत्रा आहे ना?"

"हो."

"मग पावसाळ्यात पाठवतो."

"पावसाळ्यात ओल असते, मामा."

"मग दिवाळीत."

मी हिशोब केला. सुट्टी गुरुवारी. तळेगाव ढमढेऱ्यावरून, न्हावऱ्यावरून, गाड्या बदलत दौंडला पोचायचं, परत यायचं. हातात चार तास राहत. त्यातले अडीच तास मुलगी झोपलेली असे. म्हणजे आठवड्याला दीड तास. दिवाळीपर्यंत असंच चाललं, तर ती मला दहा महिन्यांची होईपर्यंत साधारण दोन दिवस आणि काही तास भेटणार होती. हे आकडे मी कोणाला सांगितले नाहीत. आबांना फक्त एवढंच सांगितलं, की खोली तापते म्हणून सासरे पाठवत नाहीत.

"किती डिग्री पायजे त्यांना?"

"डिग्रीचं काही बोलले नाहीत."

"मंग नकार कशाच्या आधारावर?"

मी वही मिटली.

"येत्या गुरुवारी मीबी येतो," आबा म्हणाले.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. बंडीत थर्मामीटर, डोक्याला पटका, हातात पिशवी. पिशवीत माझ्या मुलीसाठी एक घोंगडीचा तुकडा, विणून काठ लावलेला. दौंडला पोचल्यावर मामांनी चहा विचारला. आबा म्हणाले, "आत्ता नगं. वाफ व्हती." मग त्यांनी मामांच्या घरातला पंखा बंद केला, दार लावलं आणि सगळ्यांना गप्प बसायला सांगितलं. माझी सासू ओट्यापाशी हातात गाळणी घेऊन तशीच उभी राहिली. तीन मिनिटं झाली असतील, आत मुलगी रडली. आबांनी आतल्या खोलीकडे नाराजीनं पाहिलं आणि घड्याळ लावून परत पाच मिनिटं धरली.

एकतीस.

मला वाटलं मामा चिडतील. पण मामांनी आयुष्यभर गाडी किती वाजता कुठं होती, हे मिनिटामिनिटानं लिहिलं होतं. ते उठले, चष्मा आणला, थर्मामीटर हातात घेऊन खिडकीपाशी गेले आणि स्वतः वाचून म्हणाले, "एकतीस. बरोबर."

"एकतीस आणून दिलं तर?" आबांनी विचारलं.

"एकतीस आणलंत तर पाठवीन."

"साडेएकतीस झालं तर?"

"तर नाही."

"हे बरं झालं," आबा म्हणाले. "माणसानं असं बोलावं."

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मामांनी ते लिहिलं. दुपारी तीनला, पंखा बंद, दार बंद, एकतीसच्या वर नको. दोघांनी सह्या केल्या, साक्षीदार म्हणून मी केली. बायको आत मुलीला पाजत होती. तिला कोणी काही विचारलं नाही. नंतर चहा झाला.

दुसऱ्या दिवशी तीनला माझ्या खोलीत छत्तीस होतं. पाच डिग्री कमी करायच्या होत्या.

पुढचे सहा आठवडे आबांनी दुसरं काही केलं नाही. शेतातली कामं मुलावर टाकली. त्यांची बायको चिडली, तर तिला म्हणाले, "गार्डाला शब्द दिलाय." लोकर आधी गरम पाण्यात रिठा घालून धुतली, तीन पाण्यांतून काढली, तरीही वास गेला नाही. ती अंगणात वाळत घातली की गल्लीतली कुत्री येऊन बसायची. पोल्ट्रीची जुनी जाळी होतीच. चार नंबरनं सुट्टीच्या दिवशी लोखंडी पट्ट्या वेल्ड करून ती माझ्या खोलीत पत्र्याखाली ताणून बसवली. जाळीवर गोणपाट, गोणपाटावर वीतभर लोकर, मधे मधे कडुनिंबाचा वाळलेला पाला, लोकर खाणारी कसर लागू नये म्हणून. लोकर आणि पत्रा यांच्यात हातभर पोकळी ठेवली आणि दोन्ही टोकांना भिंतीत झरोके पाडले, तापलेली हवा निघून जायला. खालून पांढऱ्या कापडाचं छत. आग लागेल का, असं मी विचारलं, तेव्हा आबांनी लोकरीचा पुंजका घेऊन त्याला काडी लावली. जळक्या केसांचा वास आला, पुंजका आकसला आणि विझला. "थर्माकोलला लावून बघा आसंच," ते म्हणाले.

काम संपेपर्यंत मी बिछाना बाहेर, शेडच्या टोकाला हलवला होता. चार नंबर रोज कामावर जाताना डोकावून जायचा. वासानं नाक दाबून एकदा म्हणाला, "आबा, ये छत है कि बकरी?"

"मेंढी," आबा म्हणाले. त्यांना बकरी म्हटलेलं चालत नसे.

काम वाढत गेलं, पण आकडा हलेना. गोणपाट बसलं तेव्हा पस्तीस. लोकरीचा पहिला थर, पस्तीस. दुसरा थर, चौतीस. चुना आणखी एक हात, परत चौतीस. आबा खोलीत उभे राहून छताकडे बघत राहायचे. त्यांचं जेवण कमी झालं. एकदा मला म्हणाले, "तीन नंबर, हे सगळं खाऊन बसतंय कोण?"

खाणारा कोण ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. बाहेरचा आकडा या सहा आठवड्यांत छत्तीसवरून एकेचाळीसवर गेला होता. तो रकाना मीच भरत होतो, रोज, चांगल्या अक्षरात. पण मी स्टोअरमधला माणूस. शिल्लक बघायची सवय, आवक बघायची नाही. आबांचं आणि माझं लक्ष एकाच आकड्यावर होतं, एकतीस, आणि तो मार्चमध्ये ठरला होता.

मेच्या मध्यावर ठरल्याप्रमाणे मामा पाहणीला आले. बरोबर बायको, मुलगी आणि एक ट्रंक. आकडा बसला तर दोघी राहणार, नाही तर संध्याकाळच्या गाडीनं परत. ट्रंक उंबऱ्यावर ठेवली. ना आत, ना बाहेर.

तीन वाजले. पंखा बंद, दार बंद. आम्ही चार माणसं आणि मांडीवर चार महिन्यांची मुलगी. या वेळी ती रडली नाही. मामांचा चष्मा गाडीत चढताना फुटला होता. ते म्हणाले, "आबा, तुम्हीच वाचा."

मी आबांच्या तोंडाकडे बघत होतो. मला खरं सांगायचं तर त्यांनी एकतीस म्हणावं असं वाटत होतं. मामांना दिसणार नव्हतं. मी काही बोललो नसतो.

"चौतीस," आबा म्हणाले. "तीन जास्त."

त्यांनी थर्मामीटर बंडीच्या खिशात ठेवला.

"पाठवू नका, पाव्हणं," आबा म्हणाले. "तुमचंच खरं हाय. मला न्हाई जमलं."

मामांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं असावं, आणि त्याच वेळी बरंही वाटलं असावं. ते वाकून ट्रंकेची कडी धरणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "बाबा, आपलं घर आज एकतीस आहे का?"

मामा तसेच वाकलेले राहिले.

"कालच तुम्ही लादीवर ओला पंचा टाकून झोपला होतात. हिच्या पाठीवर घामोळं आलंय. एकतीसात घामोळं येतं का?"

आबांनी माझ्या हातातली वही ओढून घेतली. मार्चच्या पानावर गेले, परत आले, परत गेले. बाहेरच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"ताई," आबा तिला म्हणाले, आणि त्यांनी भाडेकरूच्या घरातल्या माणसाला नंबर सोडून काही म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं, "हे मार्चात का न्हाई बोललात?"

"मला विचारलंच कोणी?"

मी म्हणालो, "मग मामा, अंदाजे तरी सांगा, तुमच्याकडे आज किती असेल?"

"अंदाज सांगणार नाही," मामा म्हणाले.

"अंदाज घेणार न्हाई," आबा म्हणाले.

शेवटी असं ठरलं. दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच वेळी मोजायचं. ज्याचं घर कमी, तिथं मूल राहील. आबांनी सायकलवरून कोणाला तरी पाठवून गावातल्या कोंबडीखाद्याच्या दुकानातून दुसरा थर्मामीटर मागवला. दोन्ही थर्मामीटर पाण्याच्या एका बादलीत तासभर ठेवले. दोन्हींत रेघेचाही फरक निघाला नाही. जुना थर्मामीटर आबांनी मामांच्या हातात दिला. "ह्यो न्या. तुमचा आकडा म्हत्त्वाचा." संध्याकाळच्या गाडीनं तिघंही परत गेले. ट्रंकसुद्धा.

त्या रात्री मी नव्या छताखाली पहिल्यांदा झोपलो. बाहेर नगर रस्त्यावरून ट्रक जात होते, पण आवाज दुसऱ्या गावातून आल्यासारखा वाटत होता. हे कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं म्हणून मी लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तीनला खोलीत चौतीस. कालच्याइतकंच. मग आबा आणि मी त्यांच्या घरात फोनपाशी बसलो. मामांच्या क्वार्टरमध्ये फोन नव्हता. आकडा घेऊन ते स्टेशनजवळच्या एसटीडी बूथपर्यंत चालत येणार होते. मी विचार करत होतो. मामा घरात एकटे आकडा वाचतील. आमच्यातलं कोणी तिथं नाही. त्यांना फक्त तेहेतीस म्हणायचं होतं. नात दिवाळीपर्यंत त्यांच्याजवळ राहिली असती आणि मला कधी कळलंही नसतं. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं, ते आदल्या दिवशी मला कळून चुकलं होतं.

तीन वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला. आबा रिसीव्हर कानापासून लांब धरत, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"बोला, पाव्हणं. हितं चौतीस."

पलीकडे इंजिनाची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत मामा थांबले. संपल्यावरही थांबले.

"पाव्हणं, आकडा?"

"साडेचौतीस," मामा म्हणाले.

मी उभा राहिलो. आबांनी मला हातानं बसवलं.

"पंखा बंद हुता?"

"बंद होता."

"दार?"

"बंद."

"भिंतीपासनं हातभर?"

"हातभर."

आबांनी भुवया जवळ आणल्या. "दगडी घराला जरा जास्तच वाटतंय. परत एकदा जाऊन बघता का?"

मी रिसीव्हर हिसकावून घ्यायच्या बेतात होतो.

"आबा," मामा म्हणाले, "चष्मा उसना आणून तीनदा बघितलं. तिन्ही वेळा कमी यावं म्हणूनच बघितलं."

आबांनी रिसीव्हर हळूच कानाला टेकवला, त्यामुळे पुढचं मला ऐकू आलं नाही. मामा बराच वेळ काहीतरी सांगत होते आणि आबा नुसते "व्हय" म्हणत होते. पाळण्याचं काहीतरी असावं, कारण आबांनी मधेच हातानं छताच्या कडीची उंची मोजल्यासारखं केलं. मग ते म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीला तीन नंबर उभा आसंल. आन् पाव्हणं, ड्युटी नसंल तवा दुपारचं तुमीबी हितंच येत जावा. अर्धी डिग्री कमी हाय."

पलीकडे पुन्हा इंजिनाची शिट्टी झाली, मलाही ऐकू आली, आणि संपली. पण मामांनी फोन ठेवला नव्हता, आणि आबाही ठेवत नव्हते.